माउंटन बाइकची हौशी शर्यत नेमकी कोण चालवतं? लेडव्हिलच्या शंभर मैलांतून समजून घ्या

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल नावाचं छोटं डोंगराळ गाव आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे सुमारे दीड हजार सायकलपटू पहाटेच्या थंडीत मुख्य रस्त्यावर रांगा लावून उभे राहतात. पुढच्या १२ तासांत त्यांना डोंगरातून शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर सायकल चालवायची असते. पहिल्या रांगेत काही व्यावसायिक खेळाडू असतात. त्यांच्या मागचे बहुतेक सगळे नोकरी-व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे हौशी लोक असतात.

या दीड हजार जणांसोबत त्यांचे कुटुंबीय, मित्र, स्वयंसेवक आणि गावकरीही डोंगरात ठिकठिकाणी पसरलेले असतात. कोणी पाण्याची बाटली घेऊन उभं असतं, कोणी घंटा वाजवत असतं, कोणी वळणावर झेंडा धरून असतं. टीव्हीवर सायकल शर्यत पाहताना प्रेक्षक म्हणजे कडेची गर्दी, असं वाटतं. हौशी माउंटन बाइक शर्यतीत मात्र हीच माणसं शर्यतीचा गाडा ओढतात. ती किती असावीत, कुठे उभी असावीत आणि त्यांनी किती मदत करावी, यावर शर्यत सुरक्षित आणि न्याय्य होणार की नाही हे ठरतं.

हे सगळं कसं चालतं आणि त्यात अडचणी कुठे येतात, ते लेडव्हिलच्या उदाहरणातून पाहू.

लेडव्हिलमध्ये ही शर्यत का सुरू झाली?

लेडव्हिल समुद्रसपाटीपासून १०,१५२ फूट, म्हणजे सुमारे ३,०९४ मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसुबाई १,६४६ मीटरचं आहे. म्हणजे या गावातला बाजार कळसुबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर भरतो. २०२० च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या सुमारे २,६०० आहे.

हे खाणकामगारांचं गाव. पोलादात मिसळल्या जाणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूची क्लायमॅक्स नावाची मोठी खाण जवळच होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला धातूचे भाव कोसळले, खाण बंद पडली आणि सुमारे तीन हजार लोकांचा रोजगार गेला. घरं विकायला निघाली, दुकानं ओस पडू लागली.

खाणीत काम करणारे केन क्लोबर आणि त्यांच्या सहकारी मेरिली मॉपिन यांनी गावात बाहेरचे लोक यावेत म्हणून शंभर मैलांच्या धावण्याच्या शर्यतीला बळ दिलं. पहिली शर्यत १९८३ मध्ये झाली. त्यामागचा हिशोब साधा होता. शर्यत इतकी लांब असेल, तर आलेल्या माणसाला गावात किमान एक रात्र मुक्काम करावाच लागेल. तो खोली घेईल, जेवेल, खरेदी करेल. एकटा येणार नाही, सोबत माणसं आणेल.

१९९४ मध्ये त्याच धर्तीवर माउंटन बाइकची शंभर मैलांची शर्यत सुरू झाली. म्हणजे स्पर्धकासोबत येणारी माणसं या शर्यतीच्या कल्पनेत पहिल्यापासूनच होती. पुढे त्यांची गर्दी हीच डोकेदुखी ठरू शकते, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

मार्ग कसा आहे?

शर्यत गावातून निघते, डोंगरात जाते आणि त्याच वाटेने परत येते. जाताना सेंट केव्हिन्सचा चढ, शुगरलोफ खिंड, पॉवरलाइनचा तीव्र उतार, मग पाइपलाइन आणि ट्विन लेक्स ही मदत केंद्रं लागतात. ट्विन लेक्सच्या धरणापासून कोलंबाइन खाणीपर्यंत जवळपास एक हजार मीटरची सलग चढाई आहे. वरचं टोक सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, झाडांची रेषा संपल्यानंतर येतं. तिथून मागे वळायचं.

जाताना मजेत उतरलेली पॉवरलाइन परतताना चढावी लागते आणि तोवर पायांत सव्वाशे किलोमीटरचा थकवा साठलेला असतो. बरेच जण इथे सायकलवरून उतरून ती ढकलत नेतात. संपूर्ण मार्गावर मिळून तीन हजार मीटरहून अधिक चढ आहे. या उंचीवर हवेचा दाबही कमी असतो. गावातच प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ऑक्सिजन मिळतो.

१२ तासांच्या आत परतणाऱ्याला पट्ट्याचं चांदीच्या रंगाचं बक्कल मिळतं. नऊ तासांच्या आत आलेल्याला मोठं बक्कल मिळतं. १२ तासांचा हिशोब केला तर थांबे धरून ताशी साडेतेरा ते चौदा किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. सपाट डांबरी रस्त्यावर हे सोपं वाटेल. इथे चढावर बरेचदा चालण्याच्या वेगाने जावं लागत असल्याने वाटेत वाया गेलेली दहा मिनिटंही महागात पडतात. त्यामुळेच वाटेतली मदत इतकी महत्त्वाची ठरते.

डोंगरातल्या शर्यतीत बाहेरची मदत घेणं योग्य मानलं जातं का?

हा वाद या खेळाइतकाच जुना आहे. माउंटन बाइकिंगची सुरुवात १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत झाली. तिथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मित्रांनी एका डोंगरउतारावर शर्यत लावली. चार्ली केली हे तिचे आयोजक. सुमारे तीन-साडेतीन किलोमीटरच्या वाटेवर जवळपास ४०० मीटरचा उतार होता. जुन्या सायकलींचे ब्रेक उतरताना इतके तापत की आतलं ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागे. त्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडलं. स्पर्धकांना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडलं जाई. घड्याळ लावणारे, वेळ लिहिणारे आणि शर्यत लावणारे सगळे एकाच मित्रमंडळीतले होते. वाटेत सायकल मोडली तर ज्याची त्यानेच दुरुस्त करायची, हे गृहीतच होतं.

पुढे शर्यती वाढल्या. अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, विमा कोण काढणार आणि नियम कोण ठरवणार, हे प्रश्न उभे राहिले. त्यातून १९८३ मध्ये अमेरिकेत ‘नोर्बा’ ही माउंटन बाइक शर्यतींची संघटना स्थापन झाली. सुरुवातीच्या नियमांवर स्वावलंबनाचा पगडा होता. हत्यारं, ट्यूब, पंप सगळं स्पर्धकानेच जवळ बाळगायचं. १९९० मध्ये कोलोरॅडोतच ड्युरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. कालांतराने आंतरराष्ट्रीय नियमांत ठराविक जागी खाणं-पाणी आणि तांत्रिक मदत घेण्याची मुभा आली.

आज बहुतेक शर्यतींत मधला मार्ग निवडलेला दिसतो. मदत घ्या, पण नेमून दिलेल्या जागीच. बाकी वाटेवर तुम्ही आणि तुमची सायकल.

क्रू म्हणजे कोण आणि तो काय करतो?

स्पर्धकाला वाटेत मदत करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या माणसांना ‘क्रू’ म्हणतात. हौशी शर्यतीत क्रू म्हणजे बहुतेक वेळा नवरा किंवा बायको, आई-वडील, मोठी मुलं किंवा सायकलिंगच्या ग्रुपमधले मित्र.

मराठी वाचकांना ही कल्पना अगदीच नवी नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात, तर नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकेकट्याने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या मागे गाडीतून चालणाऱ्या क्रूची चर्चा महाराष्ट्रात झाली होती. ती रस्त्यावरची शर्यत असल्याने क्रूची गाडी सायकलच्या मागे जाऊ शकते. डोंगरातल्या पायवाटेवर ते शक्य नसतं. तिथे क्रूला आधीच पुढच्या ठिकाणी पोहोचून वाट पाहावी लागते.

लेडव्हिलमध्ये क्रूसाठी पाइपलाइन आणि ट्विन लेक्स ही मुख्य ठिकाणं आहेत. मार्ग जाऊन-येऊन असल्याने प्रत्येक ठिकाणी स्पर्धक दोनदा भेटतो. म्हणजे दिवसभरात भेटी चारच, आणि प्रत्येक भेट मिनिटा-दोन मिनिटांची. त्या वेळात साधारण ही कामं उरकायची असतात:

- रिकाम्या बाटल्या काढून भरलेल्या लावणं. लांब पल्ल्याच्या श्रमात तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असं क्रीडा आहारतज्ज्ञ सांगतात. त्यानुसार पेय आणि खाणं आधीच मोजून ठेवलेलं असतं.
- चेन पुसून तिला तेल देणं, टायरमधली हवा दाबून पाहणं.
- सकाळच्या थंडीत घातलेलं जॅकेट घेणं किंवा वर गारांची शक्यता असेल तर ते परत देणं. ऑगस्ट हा तिथे उन्हाळा असला तरी दुपारी डोंगरावर वादळी पाऊस आणि गारा येऊ शकतात.
- किती वाजले आणि पुढच्या कट-ऑफला किती वेळ उरला आहे, हे खरं सांगणं.

शेवटचं काम सर्वांत अवघड असतं. थकलेल्या माणसाला खुर्ची दिली तर तो उठत नाही, हे अनुभवी क्रूला ठाऊक असतं. त्यामुळे अनेक जण खुर्ची ठेवतच नाहीत. दुसरीकडे, उलट्या होत आहेत, डोकं प्रचंड दुखतंय, बोलण्यात गोंधळ आहे, ही उंचीचा त्रास वाढल्याची लक्षणं असू शकतात. अशा वेळी ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणणारा क्रू धोका वाढवतो. स्पर्धकाला थांबवून वैद्यकीय पथकाकडे नेणं, हेही क्रूचंच काम आहे. स्पर्धकाला सर्वांत जवळून ओळखणारी माणसं तीच असतात आणि बदल सर्वांत आधी त्यांनाच दिसतो.

दोन मदत केंद्रांच्या मध्ये काही बिघडलं तर?

तिथे पैसा आणि प्रसिद्धी कामाला येत नाही. २००९ मध्ये लान्स आर्मस्ट्राँग लेडव्हिलची शर्यत जिंकला. डोपिंगप्रकरणी त्याची कारकीर्द पुढे बदनाम झाली, पण तेव्हा तो जगातला सर्वांत प्रसिद्ध सायकलपटू होता. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात त्याच्या मागच्या चाकातली हवा गेली आणि तशाच चाकावर त्याने गाव गाठलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याला दुसऱ्या क्रमांकावर टाकणारा डेव्ह वीन्स २००३ ते २००८ अशी सलग सहा वर्षं इथे जिंकला होता. तो कोलोरॅडोचाच.

हौशी स्पर्धकांसाठी याचा धडा सोपा आहे. ट्यूब, पंप किंवा गॅसचं छोटं नळकांडं, चेन जोडण्याची कडी आणि पाना जवळ हवाच. शर्यतीच्या दिवशी क्रू कितीही चांगला असला, तरी पंक्चर बहुधा तो नसतो तिथेच होतं.

ज्यांच्यासोबत कोणीच नाही, त्यांचं काय?

हौशी शर्यतीतला न्यायाचा प्रश्न इथे येतो. एकाच्या दिमतीला चार माणसं, दोन गाड्या आणि सुट्या चाकांचा संच. दुसरा बसने एकटाच आलेला. घड्याळ दोघांना सारखंच लागू.

ही दरी पूर्ण बुजवता येत नाही, पण आयोजक ती कमी करू शकतात. त्यासाठीचं मुख्य साधन म्हणजे सर्वांसाठी खुली मदत केंद्रं. पाणी, मिठाचं पेय, केळी, कलिंगड, सूप, बिस्किटं असं सगळं तिथे टेबलांवर मांडलेलं असतं आणि ते देणारे बहुतांशी स्वयंसेवक असतात. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक पाणी, चहा, केळी घेऊन उभे असतात आणि समोरचा वारकरी कोण हे विचारत नाहीत. मदत केंद्राचा व्यवहारही तसाच असतो. लेडव्हिलमध्ये कोलंबाइन खाणीच्या टोकावर क्रूच्या गाड्या जात नाहीत. सर्वांत कठीण जागी सगळ्यांना सारखीच मदत मिळते, ती स्वयंसेवकांकडून.

काही शर्यतींत स्पर्धक आपली पिशवी नंबर लावून आधीच जमा करतो आणि ती ठरलेल्या केंद्रावर त्याला मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘केप एपिक’ या आठ दिवसांच्या शर्यतीने वेगळाच तोडगा काढला आहे. तिथे दोघांचा संघ असतो आणि दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं. म्हणजे प्रत्येकाच्या सोबत मदतीला एक माणूस असतोच.

आयोजकांनी स्पर्धेची माहिती देताना क्रूशिवाय येणाऱ्यासाठी काय सोय आहे, हे स्पष्ट लिहिलं आहे का? शर्यत निवडताना ही ओळ आधी शोधावी. त्यावरून आयोजकांनी कोणाला डोळ्यासमोर ठेवलंय ते कळतं.

आयोजकांची न दिसणारी कामं कोणती?

सुरुवातीची रांग: सगळ्यांना एकदम सोडलं तर पहिल्याच अरुंद वाटेवर कोंडी होते. म्हणून मागच्या वेळांनुसार गट पाडून वेगवान स्पर्धकांना पुढे उभं केलं जातं. लेडव्हिलमध्ये प्रवेशासाठी अर्जच इतके येतात की सोडत काढावी लागते. त्याशिवाय पात्रता शर्यतींतूनही जागा मिळवता येते.

मार्गाच्या खुणा: दमलेल्या डोक्यालाही कळतील अशा खुणा हव्यात. वळणाआधी बाण, वळणानंतर ‘बरोबर आलात’ सांगणारी फीत आणि चुकीच्या वाटेवर आडवी पट्टी, या तीन गोष्टी प्रत्येक फाट्यावर लागतात. आदल्या रात्री कोणी खुणा काढल्या तर नाहीत, हे बघायला पहाटे एक जण पूर्ण मार्ग फिरून येतो.

मार्शल: रस्ता ओलांडण्याच्या जागा, आंधळी वळणं आणि धोकादायक उतार इथे शिट्टी, झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन माणूस लागतो. डोंगरात मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही. लेडव्हिलसारख्या जाऊन-येऊन मार्गावर धोका वेगळाच आहे. कोलंबाइनच्या वाटेवर आघाडीचे स्पर्धक वेगाने खाली येत असतात, तेव्हा शेकडो जण वर चढत किंवा सायकल ढकलत असतात.

कट-ऑफ: ठराविक केंद्रावर ठराविक वेळेपर्यंत न पोहोचणाऱ्याला थांबवलं जातं. स्पर्धकाला हे क्रूर वाटतं. पण अंधार पडल्यावर, थंडीत, दमलेला माणूस डोंगरात एकटा राहू नये यासाठीच हा नियम असतो. शिवाय स्वयंसेवक आणि रुग्णवाहिका किती वेळ जागेवर राहणार, याचा हिशोबही त्यावरच चालतो.

स्वीप: शेवटच्या स्पर्धकाच्या मागून येणारं पथक. मागे कोणी राहिलं नाही याची खात्री करत ते पुढे सरकतं. निघालेले, पोहोचलेले आणि माघार घेतलेले यांचा आकडा जुळल्याशिवाय शर्यत संपली असं चांगला आयोजक म्हणत नाही. म्हणूनच माघार घेणाऱ्याने केंद्रावर कळवणं बंधनकारक असतं. न सांगता क्रूच्या गाडीत बसून हॉटेलवर गेलेला एक जण रात्रभर शोधपथकाला डोंगरात फिरवू शकतो.

गर्दी हाताबाहेर गेली तर काय होतं?

याचं उत्तर लेडव्हिलनेच दिलं आहे. २०१० मध्ये ‘लाइफ टाइम’ या कंपनीने लेडव्हिलच्या शर्यती विकत घेतल्या. शर्यतींची कीर्ती आणि स्पर्धकांची संख्या वाढत होती. २०१३ मध्ये लेडव्हिलच्या शंभर मैल धावण्याच्या शर्यतीला नऊशेहून अधिक स्पर्धक होते. त्यांच्या क्रूच्या गाड्या विनफिल्ड नावाच्या ओसाड वस्तीकडे जाणाऱ्या अरुंद मातीच्या रस्त्यावर अडकल्या. धुळीच्या लोटांतून धावपटूंना वाट काढावी लागली. मदत केंद्रांवर ताण आला, कचऱ्याच्या तक्रारी झाल्या.

त्यानंतर कोलोरॅडोतल्याच ‘हार्डरॉक १००’ या प्रतिष्ठेच्या शर्यतीने आपल्या पात्रता शर्यतींच्या यादीतून लेडव्हिलचं नाव काढलं. पर्यावरण आणि स्थानिकांविषयीची जबाबदारी नीट पाळली गेली नाही, असा आक्षेप होता. लेडव्हिलच्या आयोजकांना स्पर्धकांची संख्या आणि क्रूच्या गाड्या यांच्या नियोजनात बदल करावे लागले.

ही घटना धावण्याच्या शर्यतीतली आहे, पण गाव तेच आणि आयोजकही तेच. सायकल शर्यतीलाही तिचा धडा तितकाच लागू पडतो. साधा गुणाकार करून पाहा. दीड हजार स्पर्धकांमागे एकेक गाडी धरली, तरी दीड हजार गाड्या एकाच मदत केंद्राकडे जाऊ पाहतात. प्रत्येक कुटुंबाच्या दृष्टीने ती ‘आपली एकच गाडी’ असते. म्हणून अनेक शर्यतींत आता क्रूला गाडीसाठी पास दिला जातो, गाड्या दूरच्या मैदानावर उभ्या करून पुढे बसने नेलं जातं. क्रूने नियम मोडला तर त्याची शिक्षा स्पर्धकाला होते. वेळेचा दंड किंवा थेट बाद.

गावकऱ्यांचं मतही एकसारखं नसतं. हॉटेल आणि दुकानांना हंगाम मिळतो. पण ज्यांच्या दारातला रस्ता दिवसभर बंद असतो, त्यांना त्यातून काय मिळतं? लेडव्हिलच्या शर्यतींशी जोडलेली संस्था स्थानिक लेक काउंटीतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. शर्यतीचा फायदा बक्षिसांपलीकडे गावात पोहोचवण्याचा हा एक मार्ग आहे.

प्रेक्षक म्हणून गेलात तर काय कराल?

- चढावर उभे राहा. तिथे वेग कमी असतो, तुमचा आवाज स्पर्धकापर्यंत पोहोचतो आणि तुम्हीही सुरक्षित असता. उतारावर, विशेषतः वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका. तोल गेलेली सायकल तिकडेच फेकली जाते.
- फितीच्या बाहेर थांबा. फोटोसाठी वाटेत झुकू नका. मुलांचा हात धरा, कुत्रा सोबत असेल तर पट्टा आखूड ठेवा.
- हँडलवरचा नंबर किंवा नाव वाचून हाक मारा. अनोळखी माणसाने नाव घेतलं की दमलेल्या स्पर्धकाला आधार वाटतो. गाईच्या गळ्यातल्यासारख्या घंटा वाजवण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रूढ आहे, तीही चालेल.
- ‘आता आलंच’ असं खोटं सांगू नका. माहीत असेल तर किलोमीटर सांगा, नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा.
- न विचारता अंगावर पाणी ओतू नका, सायकल ढकलू नका. तुमच्या मदतीमुळे स्पर्धक बाद होऊ शकतो.
- कोणी पडलं तर आधी मागून येणाऱ्यांना हात दाखवून सावध करा, मग मार्शलला कळवा. जखमीला घाईने उठवू नका.
- शेवटचा स्पर्धक जाईपर्यंत थांबा.

शेवटचा मुद्दा शिष्टाचार म्हणून सांगितला जातो, पण त्याला व्यावहारिक बाजूही आहे. पहिले शंभर जण गेले की कडेची गर्दी पांगते. मागचे स्पर्धक सर्वांत जास्त वेळ वाटेवर असतात, सर्वांत जास्त थकलेले असतात आणि नेमकी तेव्हाच वाट रिकामी झालेली असते. कोणी पडलं तर पाहणारं कोणी नसतं. तिथे थांबलेला एक प्रेक्षक म्हणजे बिनपगारी मार्शलच.

भारतात आणि महाराष्ट्रात हे कसं लागू पडतं?

हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या ‘हस्तपा’ या संस्थेने २००५ मध्ये ‘एमटीबी हिमालय’ ही अनेक दिवसांची शर्यत सुरू केली. रोज एक टप्पा आणि रात्री तंबूंचा तळ, अशी तिची रचना. अशा शर्यतीत खाणं, मुक्काम, वैद्यकीय पथक सगळं आयोजकांच्याच हाती असतं. प्रेक्षक म्हणजे वाटेवरच्या गावांतले लोक आणि शाळकरी मुलं.

शाळकरी मुलांसाठी अमेरिकेतलं आणखी एक उदाहरण उपयोगाचं आहे. ‘नायका’ ही २००९ मध्ये स्थापन झालेली संस्था शालेय माउंटन बाइक लीग चालवते. राखीव खेळाडू म्हणून कोणाला बाकावर बसवायचं नाही, संघातल्या प्रत्येकाने शर्यतीत उतरायचं, हे तिचं तत्त्व. एवढ्या मुलांच्या शर्यती पालकांशिवाय होऊच शकत नाहीत. त्यामुळे पालक मार्शल होतात, स्वयंपाक करतात, वेळा नोंदवतात. मुलाला सोडून गाडीत बसून राहणारा पालक तिथे कमीच.

महाराष्ट्रात सायकल शर्यतीच्या प्रेक्षकांची परंपरा जुनी आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटाच्या चढावर लोक थांबत आणि तिथे पहिला येणारा ‘घाटांचा राजा’ ठरे. डोंगरवाटांवरच्या शर्यतीसाठी मात्र त्यापुढे जाऊन तयारी लागते. राखीव वनक्षेत्रातून वाट जात असेल तर वन विभागाची परवानगी, गावातून जात असेल तर ग्रामपंचायतीशी बोलणी, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे याचा नकाशा आणि रेंज नसलेल्या जागी संपर्काची सोय. सह्याद्रीत उंचीचा त्रास नसला तरी उन्हाचा आणि पाण्याच्या टंचाईचा आहे. त्यामुळे कट-ऑफ आणि मदत केंद्रांतलं अंतर उन्हाच्या हिशोबाने ठरवावं लागतं. गुरं, शेताचे बांध आणि पायी जाणारे गावकरी यांचा त्या वाटेवर स्पर्धकांपेक्षा आधी हक्क असतो, हेही आयोजकांनी प्रेक्षकांना आणि स्पर्धकांना आधी सांगायला हवं.

खर्चाच्या दृष्टीने पाहिलं तर यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठे प्रायोजक लागत नाहीत. फीत, बाण, वॉकीटॉकी, पाण्याचे पिंप आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका यांना पैसे लागतात. बाकी लागतात ती माणसं. पन्नास स्पर्धकांच्या शर्यतीला वीस विश्वासू स्वयंसेवक मिळाले, तर ती शंभर जणांच्या विस्कळीत शर्यतीपेक्षा कितीतरी सुरक्षित होते. त्यामुळे नवी शर्यत लावताना ‘किती स्पर्धक येतील’ या प्रश्नाआधी ‘दिवसभर वाटेवर उभे राहणारे किती जण आहेत’ हे मोजावं आणि स्पर्धकांची संख्या त्यावरून ठरवावी.

लेडव्हिलमध्ये संध्याकाळी १२ तास पूर्ण होत आले की अंतिम रेषेजवळची गर्दी पुन्हा वाढते. सकाळी निघालेले शेवटचे काही जण गावाच्या रस्त्यावर दिसू लागतात. अनेक वर्षं मेरिली मॉपिन तिथे उभं राहून पूर्ण करणाऱ्यांना मिठी मारून पदक घालत. पहिला आलेला तोवर काही तासांपूर्वीच पोहोचलेला असतो. तरीही लोक थांबलेले असतात, कारण अजून कोणीतरी यायचं बाकी असतं.